एका ग्रॅमला सोळा लिटर

युरिक ॲसिडचा एक ग्रॅम पाण्यात पूर्ण विरघळवायला किती पाणी लागेल? साध्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात ते जेमतेम ६ मिलिग्रॅम विरघळते. म्हणजे एका ग्रॅमसाठी १६ लिटरहून जास्त, घरातली मोठी बादली काठोकाठ भरून. आपल्या लघवीतून जाणारा युरिया तेवढाच घेतला, तर त्याला एक मिलिलिटर पाणी पुरून थोडे उरते. दोन्ही पदार्थांचे काम एकच: खाल्लेल्या प्रथिनांतून उरलेला नायट्रोजन शरीराबाहेर नेणे. पण पाण्यात विरघळण्याच्या बाबतीत दोघांत सुमारे १८ हजार पटींचे अंतर आहे. माणसाने युरियाची वाट धरली आणि कोरड्या मुलखातल्या कासवांनी युरिक ॲसिडची.

हे अंतर वर्धा जिल्ह्यावर पसरून पाहिले की डोके गरगरते. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ७७४ होती. प्रौढ माणूस लघवीवाटे दिवसाला साधारण १२ ग्रॅम नायट्रोजन टाकतो. तो युरिक ॲसिड बनवून टाकायचा आणि विरघळलेलाच ठेवायचा म्हटले, तर ३६ ग्रॅम युरिक ॲसिड होईल आणि त्याला ६०० लिटर पाणी लागेल. एका माणसाला, एका दिवसाला. सगळ्यांना प्रौढ धरून आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत आठही तालुक्यांचा हिशेब केला, तर रोज ७८ कोटी लिटर! प्रत्यक्षात माणशी दीड लिटर धरले तर जिल्ह्याची रोजची लघवी २० लाख लिटरच्या आत राहते.

मग पाण्याला मोताद असलेल्या प्राण्याने इतका महागडा पदार्थ का निवडला? ते विरघळत नाही, म्हणूनच. युरिक ॲसिड आणि त्याचे क्षार पाण्यातून सुटून खाली बसतात, पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर टाकता येतात आणि उरलेले पाणी शरीराला परत घेता येते. अकरावीच्या जीवशास्त्रात हे आकडे असतात: एक ग्रॅम अमोनिया बाहेर टाकायला ३०० ते ५०० मिलिलिटर पाणी, एक ग्रॅम युरियाला ५०, आणि युरिक ॲसिडला फक्त १०. माशांना आणि तळ्यातल्या कासवांना पाण्याची ददात नसते, म्हणून ती अमोनिया-युरियावर भागवतात. माळरानावर आठ-आठ महिने पावसाविना काढणाऱ्या कासवाला ते परवडत नाही.

त्यातच कासवाच्या मूत्रपिंडाची एक मर्यादा आहे. माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात पाठवतात. त्या गाळणीला केसाच्या पिनेसारखा एक लांब वळसा असतो, त्याच्या जोरावर आपली लघवी रक्ताच्या चौपट घट्ट होऊ शकते. कासवाच्या मूत्रपिंडात हा वळसाच नाही. गाळण्याही काही हजारच. रक्तापेक्षा घट्ट लघवी त्याला बनवताच येत नाही, मग उन्हाळा कितीही कडक असो.

ही उणीव त्याचे मूत्राशय भरून काढते, आणि या विषयात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. आपले मूत्राशय साठवते आणि रिकामे होते, एवढेच. कासवाचे मूत्राशय पाण्याची टाकी असते. पाऊस पडला की कासव भरपूर पिते, मूत्राशयात पातळ लघवी साठवते आणि पुढचे कित्येक महिने त्याच साठ्यातून पाणी रक्तात ओढून घेत राहते. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातले कासव आपल्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत द्रव असे बाळगू शकते आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ पाण्याचा थेंब न पिता जगू शकते. ६० किलोच्या माणसाने २४ लिटर लघवी पोटात घेऊन हिंडावे, असे हे प्रमाण झाले. १८३५ साली चार्ल्स डार्विन गॅलापागोस बेटांवर गेला, तेव्हा तिथले लोक तहानेने व्याकूळ झाले की मारलेल्या महाकाय कासवाच्या मूत्राशयातले पाणी पितात, हे त्याने नोंदवले. त्याने स्वतःही चाखून पाहिले. स्वच्छ, किंचित कडवट लागले, असे त्याने लिहिले आहे.

टाकीला एक अट मात्र आहे. साठा जसजसा घट्ट होत जातो तसतसे त्यातून पाणी ओढणे अवघड होते. मूत्राशयातला द्रव रक्ताइतका घट्ट झाला की देवघेव थांबते. मग नवे पाणी प्यायल्याशिवाय सुटका नसते: जुना घट्ट साठा टाकायचा, ताजा भरायचा. आणि घाबरले की कासव टाकी एकदम रिकामी करते. वाळवंटातल्या कासवाला हौसेने उचलू नका, अशी ताकीद अमेरिकेत देतात ती यासाठीच. कुतूहलाने क्षणभर उचललेले कासव कित्येक महिन्यांची बेगमी तिथेच गमावून बसते.

आतापर्यंतचे हे सगळे मोठ्या कासवांबद्दल झाले. पिल्लाचे गणित वेगळे, आणि फार निष्ठुर आहे.

भारतात चोरून पाळले जाणारे जमिनीवरचे कासव म्हणजे तारा कासव. काळ्या-तपकिरी पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले. अंड्यातून निघालेल्या पिल्लाचे वजन २० ग्रॅमच्या आसपास असते, सराफाच्या आजच्या हिशेबात दोन तोळे. त्यात सुमारे ७० टक्के पाणी धरले तर १४ मिलिलिटर. चहाचे तीन चमचेही पुरते भरत नाहीत. एका मिलिलिटरचे २० थेंब मानले तर सगळ्या देहात मिळून २८० थेंब. त्यातले ४० थेंब गेले की वजन दहा टक्क्यांनी उतरते, आणि दहा टक्के म्हणजे पशुवैद्यकाच्या भाषेत गंभीर निर्जलीकरण. चाळीस थेंब!

शिवाय लहान देहाला पृष्ठभाग जास्त असतो. अडीच किलोची प्रौढ मादी आणि २० ग्रॅमचे पिल्लू यांच्या वजनात १२५ पट फरक आहे, पृष्ठभागात मात्र फक्त २५ पट. म्हणजे दर ग्रॅम वजनामागे पिल्लाचे अंग हवेला पाचपट उघडे. त्याचे कवच अजून मऊ, मूत्राशय इवलेसे. आईला जो उन्हाळा महिन्यांत मोजता येतो, तो पिल्लाला दिवसांत मोजावा लागतो.

आणि उन्हाळा वर्ध्याचा. मे महिन्यात इथे ४५-४६ अंश ही काही अपूर्वाई नाही. हवा किती जोराने पाणी ओढते हे नुसत्या तापमानावरून कळत नाही, तापमान आणि आर्द्रता दोन्ही एकत्र पाहावी लागतात. मेमधली एक दुपार ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेची धरा. ऑगस्टमधली एक दुपार २८ अंश आणि ८५ टक्क्यांची. बाष्पदाबाचा हिशेब मांडला तर मेमधली हवा ऑगस्टमधल्या हवेपेक्षा सुमारे १४ पट जास्त ओढ घेते. खोलीत एसी लावून २४ अंश ठेवले आणि आर्द्रता ४० टक्क्यांवर आली, तरी ही ओढ ऑगस्टच्या तिप्पट असते. माणसाला ती खोली सुखाची वाटते, आणि काचेच्या पेटीत कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवलेले पिल्लू तिथे गुपचूप वाळत राहते. वऱ्हाडी घरातला कूलर निदान हवा ओली करतो. त्याचा झोत मात्र थेट पिल्लावर येता कामा नये.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उपचारात दिवसाला दर किलोमागे साधारण १५ ते २५ मिलिलिटर द्रव धरतात. वीस ग्रॅमच्या पिल्लाला हे प्रमाण लावले तर दिवसाचे सहा ते दहा थेंब. गरज इतकीच असते, आणि तेवढीही भागली नाही तर पुढचे सगळे सुरू होते.

पुढचे म्हणजे काय, ते कासवाच्या लघवीतच दिसते. तिच्यात दोन भाग असतात: पातळ, पाण्यासारखा द्रव आणि पांढरे युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचे क्षार. पोटात पुरेसे पाणी असलेल्या पिल्लाचे युरेट पानाला लावायच्या चुन्यासारखे मऊ असते. पाणी कमी पडू लागले की ते घट्ट, मग रवाळ आणि शेवटी कोरडे व टणक होते. मूत्राशयात तेच साचत गेले तर कणावर थर, थरावर थर चढून खडा बनतो. विदर्भातल्या माणसाला उन्हाळ्यातला मुतखडा नवा नाही, पण आपले खडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. कासवाचा खडा बहुधा युरेटचा, म्हणजे ज्या पदार्थाने त्याला कोरड्या मुलखात जगवले त्याचाच. मोठ्या कासवांत तो संत्र्याएवढाही होतो. तो श्रोणीच्या हाडांत अडकला की मागचे पाय लुळे पडतात, मादीची अंडी अडतात, मूत्राशयाला जखमा होतात. पिल्लात छोटासा खडाही वाट बंद करायला पुरेसा ठरतो. खाणे सुटणे, मागचे पाय ओढत चालणे, कुंथणे, लघवीत रक्त, कित्येक दिवस पांढरे काहीच बाहेर न पडणे, ही लक्षणे दिसली की घरगुती उपायांत वेळ घालवू नये. एक्स-रेमध्ये असा खडा बहुधा स्पष्ट दिसतो. काढायचा तर कित्येकदा पोटाकडच्या कवचाला चौकोनी खिडकी कापावी लागते, आणि ते हाड भरून यायला महिनेच्या महिने जातात. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी १९८७ ते २०१२ या काळातल्या अशा ४० पाळीव कासवांच्या नोंदी एकत्र अभ्यासल्या होत्या.

खड्याचे दुसरे कारण ताटातले. एक ग्रॅम प्रथिनात साधारण ०.१६ ग्रॅम नायट्रोजन असतो. शरीराने ते प्रथिन वाढीला न वापरता सगळे मोडले, तर त्यातून जवळजवळ अर्धा ग्रॅम युरिक ॲसिड तयार होते. ते विरघळलेले ठेवायला पुन्हा आठ लिटर पाणी लागेल. क्षारांच्या रूपात थोडे जास्त विरघळते, तरी पिल्लाच्या आवाक्याबाहेरच. कुत्र्याच्या कोरड्या खाद्यात चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त प्रथिन असते. म्हणजे त्या खाद्याचे चार ग्रॅम, आणि समोर २० ग्रॅमचा जीव. लाडाने भरवणाऱ्याला हे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. पालकाची भाजी हिरवी दिसते, पण तिच्यात ऑक्झलेट भरपूर असते. तारा कासव रानात मुख्यतः गवत, पाने-फुले, पडलेली फळे आणि निवडुंगाचे फड खाते. हरळी आणि जास्वंदीची पाने-फुले वर्ध्यात कुठल्याही अंगणात मिळतात, आणि नायट्रोजनाच्या हिशेबात ती कितीतरी सौम्य आहेत.

कोरडेपणा पाठीवरही उमटतो. कवचाच्या प्रत्येक खणावर उंचवटा येऊन पाठ खडबडीत होते. हे जास्त प्रथिनामुळेच होते, असे पाळणारे वर्षानुवर्षे मानत आले. २००३ साली आफ्रिकी सुल्काटा कासवाच्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळी आर्द्रता आणि वेगवेगळे प्रथिन देऊन पाहिले होते. उंचवट्यांवर आर्द्रतेचा परिणाम ठळक निघाला, प्रथिनाचा किरकोळ. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठी बिघडल्या. या प्रयोगाचे महत्त्व मला मोठे वाटते, कारण मूत्राशयातला खडा बाहेरून दिसत नाही, पण पाठ रोज डोळ्यांसमोर असते. उंचवटे वाढताना दिसले तर आतल्या टाकीचीही शंका घ्यावी.

आता ही कासवे वर्ध्यात येतात कुठून? इथल्या नद्या-तळ्यांत आणि बोर धरणाच्या परिसरासारख्या पाणथळ जागी राहणारी कासवे पाण्यातली. उन्हाळ्यात तळे आटले की काही जाती चिखलात स्वतःला गाडून घेतात आणि पावसाची वाट पाहतात. तारा कासवाचा नैसर्गिक मुलूख भारताचा वायव्य भाग, आग्नेय भाग आणि श्रीलंका हा आहे. वर्ध्याच्या घरात ते सापडले, तर कुणीतरी पिशवीतून आणलेले असते.

किती आणली जातात? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भारतातल्या केवळ एका व्यापारकेंद्राभोवतीच वर्षाला किमान ५५ हजार तारा कासवे रानातून उचलली जातात असे आढळले. रोजची दीडशे. ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या हिशेबाने २००९ ते २०१९ या दहा वर्षांत भारतात अवैध व्यापारात सापडलेली सगळ्या जातींची मिळून कासवे १ लाख ११ हजारांवर होती, आणि ही फक्त पकडली गेलेली. चिकटपट्टीने पाय बांधून, मोज्यांत कोंबून, सुटकेसमधून दिवसचे दिवस पाण्याविना त्यांचा प्रवास होतो. एप्रिल २०१८मध्ये मादागास्करमधल्या तुलिआरा शहरात एका घरात दहा हजारांहून अधिक रेडिएटेड कासवे सापडली. ना खाणे, ना पाणी. सुटकेनंतरही निर्जलीकरण आणि संसर्गाने शेकडो दगावली.

या आकड्यांशेजारी दुसरा एक आकडा ठेवतो. ती ५५ हजार कासवे सगळी पिल्ले धरली आणि प्रत्येकाला दिवसाला दहा थेंब दिले, तर एकूण पाणी होते साडेसत्तावीस लिटर. आपल्या न्हाणीघरातल्या दोन बादल्या! वर्षभरात लुटल्या गेलेल्या साऱ्या जिवांची एका दिवसाची तहान एवढ्यात भागते, आणि तेवढेही वाटेत कुणी देत नाही, हे मला कितीही वेळा हिशेब केला तरी सहन होत नाही.

महाराष्ट्रात या व्यापाराला आणखी एक कीड लागली आहे, वीस नखांच्या कासवाची. असे कासव मिळाले की गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, असे सांगून टोळ्या लोकांना लुबाडतात आणि त्यापायी कासवे पकडली जातात, तोलली जातात, पोत्यात डांबली जातात. नखे मोजायचीच तर मोजू. तारा कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, म्हणजे सहसा १८. आपल्याकडच्या काळ्या कासवाचीही १८. तळ्यातल्या मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे १२. ज्या देवळात नंदीच्या पुढ्यातल्या दगडी कासवाला हात लावून आपण आत जातो, त्याच गावात जिवंत कासवाचे हे हाल व्हावेत!

कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, आणि त्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. तारा कासव आता पहिल्या अनुसूचीत आहे: तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. प्रेमाने पाळले, पाणी वेळेवर दिले, तरीही ते बाळगणे गुन्हाच. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९पासून सर्वांत कडक बंदी आहे.

म्हणून असे पिल्लू कुठे आढळले, तर पहिला फोन वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथे पीपल फॉर ॲनिमल्सचे करुणाश्रम आहे, नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. त्यांची माणसे येईपर्यंत करण्यासारखे थोडेच, पण मोलाचे आहे. घरातली परात घ्यावी, तिच्यात कोमट पाणी पिल्लाच्या हनुवटीपर्यंत येईल इतकेच घालावे आणि त्याला सावलीत १५-२० मिनिटे बसवावे. खोल पाण्यात मुळीच नाही, जमिनीवरचे कासव पोहत नाही, बुडते. पाजायला तोंड उघडू नये. ते आपण होऊन मान खाली घालून पिते. बहुतेकदा त्याच पाण्यात ते लघवी करते, तेव्हा पांढरे मऊ आहे की रवाळ हे बघून ठेवावे, उपचार करणाऱ्याला उपयोगी पडते. सराफाच्या काट्यासारखा छोटा वजनकाटा असेल तर परातीत ठेवण्याआधी आणि नंतर वजन करावे. २० ग्रॅमचे २१ झाले, तर त्या जिवाने आपल्या वजनाच्या पाच टक्के पाणी एका बैठकीत भरून घेतले.

बचाव केंद्रांत हेच काम रोज चालते: लहान पिल्लांना दररोज, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा. बरे झाल्यावर त्यांना वर्ध्याच्या रानात सोडून देता येत नाही, कारण हा त्यांचा मुलूख नाही. त्यांचे मूळ कुठले हे शोधावे लागते, रोग नाहीत याची खात्री करावी लागते. सिंगापूरला पोचलेली ५१ तारा कासवे नोव्हेंबर २०१८मध्ये विमानाने कर्नाटकात परत आणली होती. ५१ कासवे परत आणायला दोन देशांच्या यंत्रणा आणि दोन संस्था कामाला लागल्या. रानातून तेवढी उचलली जायला एका व्यापारकेंद्राच्या रोजच्या दीडशेच्या वेगाने सव्वाआठ तासांच्या वर लागत नाहीत.